बर्फापासून अरण्यापर्यंत
(तृतीय वर्ष कला, भूगोल)

गेल्या हिवाळ्यात आमच्या गिरिभ्रमण मंडळाची सहल कळसूबाईला गेली होती. लोखंडी शिड्या चढून सारेजण शिखरावरच्या देवळापाशी टेकलो, डबे सोडले आणि गप्पांना ऊत आला. तेव्हा कुणीतरी विचारले, "सर, आपण आता १,६४६ मीटरांवर आहोत. समजा, ही शिडी अशीच वर चालू राहिली आणि आपण ह्याच्या जवळजवळ चौपट उंच गेलो, तर वाटेत काय काय दिसेल?" सरांनी नेहमीप्रमाणे सरळ उत्तर दिले नाही. "ग्रंथालयात जा आणि हंबोल्ट शोधा," एवढेच म्हणाले. सुदैव म्हणा की दुर्दैव, तो प्रश्न विचारणारी मीच होते. हंबोल्ट शोधता शोधता मी जाऊन पोहोचले ती थेट दक्षिण अमेरिकेतल्या एक्वादोर देशात. अर्थात पुस्तकांतून आणि नकाशांतून!

एक्वादोर हे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, कोलंबिया आणि पेरू ह्यांनी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यासारखे दिसणारे राष्ट्र. आकाराने आपल्या महाराष्ट्रापेक्षाही थोडे लहान. नावाचा अर्थच मुळी 'विषुववृत्त'. पश्चिमेला पॅसिफिकचा सखल, उष्ण किनारा. मध्ये अँडीज पर्वताच्या दोन समांतर रांगा आणि त्यांच्यामधल्या उंच खोऱ्यांत वसलेली शहरे. पूर्वेला ॲमेझॉनच्या खोऱ्यातले घनदाट अरण्य. शिवाय किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरांवर गालापागोस बेटे आहेत. पण डार्विनमुळे त्यांच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की, त्यांच्याकडे वळण्याचा मोह मी कटाक्षाने टाळणार आहे.

जगभरचे तरुण ह्या देशात साहसी प्रवासासाठी येतात. कोणी हिमशिखरे चढावयास येतो, कोणी फेसाळत्या नद्यांतून रबरी होड्या हाकावयास, कोणी सायकलवरून घाट उतरावयास, तर कोणी अरण्यात शिरावयास. ह्या साऱ्याची यादी कोणत्याही प्रवासी कंपनीच्या पत्रकात सापडेल. मला कुतूहल होते ते निराळे. एवढ्याशा देशात ही सारी साहसे एकत्र नांदतात कशी?

ह्याचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर 'उंची'. आपल्याकडे हवामान बदलते ते आडवे चालताना. महाबळेश्वराहून वाईकडे निघालो की, तासाभरात पावसाचे मान कोठल्या कोठे उतरते. दुसरा बदल ऋतूंचा. त्यासाठी कॅलेंडरची पाने उलटावी लागतात. विषुववृत्तावर ऋतूंचा हा खेळ जवळजवळ नाहीच. बारा महिने दिवस बारा तासांचा आणि रात्र बारा तासांची. उन्हाळा हवा असेल तर खाली उतरावयाचे, हिवाळा हवा असेल तर वर चढावयाचे! दर हजार मीटरला तपमान साधारण सहा अंशांनी उतरते. त्यामुळे किनाऱ्यावरच्या केळीच्या आणि कोकोच्या बागांतून सकाळी निघालेला माणूस मक्याची शेते, मग बटाट्याची शेते, मग गवताळ माळ ओलांडून संध्याकाळी बर्फाच्या कडेशी येऊन उभा राहू शकतो. मुंबईहून निघून एका दिवसात हिमालयाची हिमरेषा गाठावी, तसेच हे झाले. ही सोय मोठी खरी; पण नेमकी हीच सोय कधी कधी जिवावर बेतते.

सारा देश एका लेखात मावणार नाही. म्हणून मी एकच वाट निवडली आहे. चिंबोरासो शिखराच्या बर्फापासून निघावयाचे, रिओबांबा शहरात उतरावयाचे, तेथून तुंगुराह्वा ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेल्या बान्योस गावी, आणि मग घाट उतरून पुयोच्या अरण्यात. ही वाट माझ्या मनाची नाही, पाण्याची आहे. चिंबोरासोच्या पूर्व उतारावरचे पाणी ओढ्या-नद्यांतून पास्तासा नदीला मिळते, आणि पास्तासा बान्योसवरून अँडीजची पूर्वेकडची रांग फोडून ॲमेझॉनच्या खोऱ्यात उतरते. (जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. टोळ्यांच्या हिंसाचारामुळे २०२४ च्या जानेवारीत तेथील सरकारने देशात 'अंतर्गत सशस्त्र संघर्ष' असल्याचे जाहीर केले. झळ मुख्यतः किनाऱ्यावरच्या बंदरांना अधिक लागली. तरी तेथे जाऊ पाहणाऱ्याने त्या त्या वेळची परिस्थिती विचारूनच बेत आखावा.)

चिंबोरासोची उंची ६,२६३ मीटर. एव्हरेस्टपुढे हा आकडा लहान वाटेल. पण पृथ्वी ही चेंडूसारखी गोल नसून विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, हे आपण शाळेत शिकलो. तो फुगवटा त्रिज्येत सुमारे एकवीस किलोमीटरांचा आहे आणि चिंबोरासो नेमका त्या फुगवट्यावर उभा आहे. त्यामुळे समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या मध्यापासून मोजले, तर चिंबोरासोचा माथा एव्हरेस्टपेक्षा सुमारे दोन किलोमीटरांनी अधिक दूर भरतो! ह्या फुगवट्याचा वाद मिटविण्यासाठीच १७३६ मध्ये ला काँदामीन, बूगे आणि गोदँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांची मंडळी येथे मापणीला आली होती. पर्वताच्या वस्तुमानाने ओळंबा त्याच्याकडे झुकतो का, हे बूगेने चिंबोरासोच्या अंगावर तपासून पाहिले. तो झुकला, पण अपेक्षेहून कमी. पुढे एकोणिसाव्या शतकात भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात हिमालयाच्या बाबतीतही हेच कोडे पडले. ह्या मंडळींपैकी एका कनिष्ठ सहाय्यकाची आठवण ठेवा. त्याची बायको आपल्याला वाटेच्या शेवटी भेटणार आहे.

आता सरांनी सांगितलेला हंबोल्ट. २३ जून १८०२ रोजी बत्तीस वर्षांचा हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ, त्याचा फ्रेंच मित्र बाँप्लां आणि कीतोचा तरुण कार्लोस मोंतुफार असे चिंबोरासो चढू लागले. त्या काळी हे जगातले सर्वांत उंच शिखर समजले जात असे. हिमालयाची मापे अजून युरोपात पोहोचावयाची होती. अंगावर साधे कपडे, पायांत झिरपणारे बूट, हातांत वायुभारमापक. हिरड्यांतून रक्त येऊ लागले, भोवळ येऊ लागली, तरी हे मोजमाप करीत चालले. अखेरीस एका प्रचंड भेगेने वाट अडविली आणि ते परतले. त्यांच्या मापाप्रमाणे ही उंची ५,८७८ मीटर होती. ते खरोखरीच तेथवर पोहोचले का, ह्याविषयी आजचे अभ्यासक साशंक आहेत. पण शिखर हुकले म्हणून हंबोल्ट हळहळत बसला नाही. त्याने चिंबोरासोचा उभा छेद काढला आणि कोणत्या उंचीवर कोणती वनस्पती उगवते, त्यांची नावे त्या चित्रातच त्या त्या जागी लिहून टाकली. १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेले हे चित्र म्हणजे वनस्पतिभूगोलाचा पायाच होय. कळसूबाईवरच्या माझ्या प्रश्नाचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच कुणीतरी काढून ठेवले होते!

ह्या चित्राला अलीकडे एक पुरवणी जोडली गेली आहे. २०१२ साली संशोधक पुन्हा ह्या पर्वतावर गेले आणि वनस्पती हंबोल्टच्या काळापेक्षा सरासरी पाचशे मीटरांहून अधिक वर सरकल्या आहेत, असे त्यांनी २०१५ मध्ये जाहीर केले. त्यावर २०१९ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी हंबोल्टची मूळ टिपणे तपासली. तेव्हा असे निघाले की, त्याने वरच्या पट्ट्यातल्या बऱ्याच वनस्पती चिंबोरासोवर नव्हे, तर अंतिसाना नावाच्या दुसऱ्या पर्वतावर जमविल्या होत्या! हिशेब दुरुस्त केल्यावर सरकण्याचा आकडा निम्म्याहून खाली, सव्वादोनशे-अडीचशे मीटरांच्या आसपास आला. आकडा उतरला, पण झाडे वर सरकत आहेत आणि बर्फ मागे हटत आहे, ही गोष्ट काही खोटी ठरली नाही.

चिंबोरासोचा माथा प्रथम गाठला तो ४ जानेवारी १८८० रोजी, मॅटरहॉर्नमुळे आधीच नावाजलेल्या एडवर्ड व्हिंपर ह्या इंग्रज गिर्यारोहकाने. बरोबर झाँ-आँत्वान कारेल आणि लुई कारेल हे आल्प्समधले कसलेले वाटाडे. ह्या चढाईचे विजयवर्णन मी येथे देत नाही. मला तिच्यातला लाजिरवाणा भागच अधिक मोलाचा वाटतो. सुमारे पाच हजार मीटरांवर त्यांनी तळ ठोकला आणि थोड्याच वेळात युरोपातले हे तीन नामांकित वीर तापाने फणफणत, डोके धरून, श्वासासाठी तडफडत आडवे पडले! त्यांच्याबरोबर आणखी एक इंग्रज होता. तो काही गिर्यारोहक नव्हता आणि प्रकृतीनेही यथातथाच. त्याला मात्र काही झाले नाही. दोन-तीन दिवस पडून राहिल्यावर तिघेही सावरले आणि मग शिखर सर झाले. पुढे व्हिंपरने मुद्दाम कोटोपाक्सी ज्वालामुखीच्या माथ्यावर मुक्काम करून उंचीचा शरीरावर होणारा परिणाम तपासला. चिंबोरासोची चढाई लोकांना खरी वाटेना, म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये तो ती पुन्हा करून आला. ह्या खेपेस दाबीद बेल्त्रान आणि फ्रांसिस्को कांपान्या हे दोन एक्वादोरवासी साक्षीला बरोबर होते.

व्हिंपरला जे कळले ते आज वैद्यकशास्त्र नीट सांगते. उंचीवर हवेतला प्राणवायू 'कमी' होतो असे आपण म्हणतो, ते तितकेसे बरोबर नाही. त्याचे प्रमाण तेथेही शेकडा एकवीसच असते. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरांवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर निम्माच प्राणवायू पदरात पडतो. शरीर ह्याची भरपाई करते, पण सावकाश. श्वास वाढतो, रक्त बदलते. ह्याला दिवस लागतात. म्हणून तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरांहून अधिक वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा नियम सांगतात. तो मोडला तर डोकेदुखी, ओकारी, झोप उडणे. आणि पुढे गेले तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचणे. तेथवर आले की एकच खात्रीचा उपाय, ताबडतोब खाली उतरणे. व्यायामाने कमावलेले शरीर ह्यातून सुटका करीत नाही. उलट तगडा माणूस भराभर चढतो आणि म्हणून लवकर सापडतो, असेही घडते.

आता मघाची ती 'सोय' आठवा. चिंबोरासोच्या अंगावर सुमारे ४,८५० मीटरांवर कारेलबंधूंच्या नावाचा निवारा आहे आणि तेथपर्यंत चक्क मोटार जाते! समुद्रकाठच्या ग्वायाकीलमध्ये सकाळचा नाश्ता केलेला उत्साही तरुण दुपारनंतर ह्या निवाऱ्याच्या दारात उभा राहू शकतो. हिमालयात पायी चालत जावे लागते, म्हणून शरीराला आपोआप सवड मिळते. येथे ती सवड माणसाने स्वतःहून द्यावी लागते. जाणते लोक आधी कीतो किंवा रिओबांबा येथे काही दिवस राहतात. ही शहरेच मुळी २,८५० आणि २,७५० मीटरांवर, म्हणजे कळसूबाईच्याही हजार मीटर वर आहेत. मग लहान शिखरे चढतात, आणि शेवटी मोठ्या शिखराचे नाव घेतात. परवानाधारक वाटाड्यावाचून हिमशिखरांवर जाऊ देत नाहीत. चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते. बुटांना क्रॅम्पॉन म्हणजे अणकुचीदार खिळ्यांचे साचे, हातात बर्फाची कुऱ्हाड, कमरेला दोर आणि कपाळावर दिवा. रात्रीच का? थंडीने बर्फ घट्ट असते आणि त्यात रुतलेले दगड जागच्या जागी थिजलेले असतात म्हणून. विषुववृत्तावरचा सूर्य वर आला की हेच बर्फ भुसभुशीत होते आणि दगड सुटू लागतात. सकाळी अमुक वाजेपर्यंत माथा आला नाही, तर आहे तेथून परत फिरावयाचे, असे आधीच ठरलेले असते. १९९३ च्या नोव्हेंबरात ह्याच पर्वतावर एका हिमलोटाखाली दहा गिर्यारोहक गेले. आणि १५ ऑगस्ट १९७६ रोजी कीतोहून क्वेंकाला निघालेले एक विमान एकोणसाठ माणसांसह नाहीसे झाले, ते पुढे सव्वीस वर्षे कोणालाही सापडले नाही. २००२ मध्ये गिर्यारोहकांना त्याचे अवशेष चिंबोरासोवर ५,३०० मीटरांच्या आसपास दिसले. बर्फाने ते इतकी वर्षे पोटात ठेवले होते.

बर्फाची हद्द सोडून खाली आलो की 'पारामो' लागतो. पारामो म्हणजे उंचावरचा ओलसर, गवताळ माळ. येथे दिवसा उन्हाळा आणि रात्री हिवाळा, तोही रोज. गवताचे झुबके, जमिनीला चिकटून वाढणाऱ्या गाद्यांसारख्या वनस्पती, मधूनच चुकिराग्वाची नारिंगी फुले आणि त्या फुलांवर येणारा एक चिमुकला गुंजनपक्षी. त्याच्या शास्त्रीय नावातच चिंबोरासो आहे! उंटाच्या कुळातले, हरणासारखे दिसणारे विकुन्या येथून पार नाहीसे झाले होते. १९८७ मध्ये राखीव प्रदेश झाला आणि पुढच्या वर्षी पेरू व चिली ह्या देशांतून ते आणून सोडले. आज ते कळपांनी चरतात. पारामोची माती म्हणजे मोठा स्पंजच. पाऊस आणि धुके शोषून घेते आणि खालच्या गावांना बारा महिने पुरवते.

ह्याच माळावरून एक म्हातारा आपली गाढवे हाकीत वर जात असे. त्याचे नाव बाल्तासार उश्का. युरोपीय साहसवीर ज्या बर्फासाठी समुद्र ओलांडून आले, त्या बर्फाच्या लाद्या कुऱ्हाडीने तोडावयाच्या, गवतात गुंडाळावयाच्या, गाढवांच्या पाठीवर लादून रिओबांबाच्या बाजारात आणावयाच्या आणि तेथे फळांच्या रसवाल्यांना विकावयाच्या, हा त्याच्या घराण्याचा धंदा. पूर्वी असे बर्फवाले बरेच होते. कारखान्यातले बर्फ आले आणि एकेक जण दुसऱ्या कामाला लागला. उश्का मात्र जात राहिला. लहानपणापासून तो इतक्या वेळा बर्फापर्यंत गेला, पण त्याला कोणी गिर्यारोहक म्हटले नाही. पुढे त्याच्यावर चित्रपट निघाले आणि परदेशी पाहुणे त्याच्याबरोबर वर चालू लागले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तो वारला. मला विचाराल तर हंबोल्टच्या चित्रात त्या उंचीवर त्याचेही नाव लिहावयास हवे.

रिओबांबाहून बान्योसला जाताना समोर तुंगुराह्वा दिसू लागतो. उंची ५,०२३ मीटर. बान्योस म्हणजे 'स्नानाच्या जागा'. गावात उन्हाळी आहेत. ज्या ज्वालामुखीमुळे हे गाव गरम पाण्यावर पैसे मिळवते, तोच ते जाळूही शकतो. १९९९ मध्ये तुंगुराह्वा जागा झाला. ऑक्टोबरात सरकारने बान्योस आणि आसपासची गावे सक्तीने रिकामी केली. सुमारे पंचवीस हजार माणसे घराबाहेर पडली. आठवडे गेले, महिने गेले, मोठा स्फोट काही होईना. घरे कुलपात, गुरे उपाशी, धंदा बुडालेला. अखेर २००० च्या जानेवारीत लोकांनी लष्कराचा वेढा रेटून आपल्या घरांत परत प्रवेश केला.

हे बरोबर होते का? शास्त्रज्ञांच्या दृष्टीने धोका टळलेला नव्हता, आणि २००६ च्या ऑगस्टमधल्या स्फोटाने ते सिद्धही झाले. पर्वताच्या पश्चिम बाजूला माणसे मेली, गावे राखेखाली गेली. लोकांच्या दृष्टीने घर सोडून छावणीत कुजणे हाही मृत्यूच होता. ह्या पेचातून जो मार्ग निघाला, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. डोंगराभोवतीच्या शेतकऱ्यांतून 'विहीया', म्हणजे पहारेकरी निवडले गेले. त्यांना बिनतारी संच दिले. शेतात काम करता करता डोंगराकडे लक्ष ठेवावयाचे. गडगडाट झाला, राख पडली, ओढ्याला चिखलाचा लोट आला की कळवावयाचे. आणि रोज रात्री ठरल्या वेळी एकेकाने वेधशाळेला आपल्या बाजूची हकीकत सांगावयाची. यंत्रांना जे कळत नव्हते ते ह्यांच्या डोळ्यांना दिसे, आणि इशारा शेजाऱ्याकडूनच आल्यामुळे लोक तो ऐकत. तुंगुराह्वा २०१६ पर्यंत अधूनमधून धुमसत राहिला. पण ह्या मंडळींमुळे किती तरी जीव वाचले.

बान्योसच्या वर डोंगरकड्यावर एक झाडावरचे घर आहे आणि त्याला टांगलेला झोपाळा आहे. खाली दरी, समोर ज्वालामुखी. झोका दरीवर गेला की छायाचित्र काढावयाचे, ह्यासाठी तेथे पर्यटकांच्या रांगा लागतात. हे घर बांधले होते एका पहारेकऱ्याने, ज्वालामुखीवर नजर ठेवण्यासाठी. झोपाळ्याचे छायाचित्र मी पुष्कळ ठिकाणी पाहिले. पहाऱ्याची गोष्ट मात्र बरेच शोधल्यावर सापडली.

बान्योस हे साहसी खेळांचे माहेरघर. पुलावरून दोर बांधून उडी घेणे, धबधब्यांतून दोराने उतरणे, तारेवरून दरी ओलांडणे, असे सारे काही तेथे मिळते. मला त्यांत सर्वांत आवडली ती सायकलची वाट. बान्योसपासून पुयोपर्यंत सुमारे साठ किलोमीटर. बान्योस १,८०० मीटरांवर, पुयो साडेनऊशेच्या आसपास. एका बाजूला पास्तासाची घळ, दुसऱ्या बाजूने अंगावर येणारे धबधबे. रस्ता बोगद्यांतून जातो, पण सायकलवाले बहुतेक ठिकाणी कड्याच्या कडेने जाणारा जुना रस्ता धरतात. वाटेत रिओ वेर्दे येथे 'पाइलोन देल दियाब्लो', म्हणजे सैतानाची कढई, नावाचा जलप्रपात आहे. उतरता उतरता अंगातले लोकरीचे कपडे एकेक करून निघतात. झाडांवर शेवाळे चढू लागते, पाने मोठी होत जातात, हवा जड होते. हंबोल्टचे चित्र वरून खाली वाचत जावे, तसा हा प्रवास. ॲमेझॉनकडून येणारे बाष्पाने भरलेले वारे ह्या उताराला धडकतात. म्हणून पुयोला आपल्या कोकणालाही मागे टाकील असा पाऊस पडतो, आणि तो चार महिन्यांत उरकत नाही, वर्षभर चालतो.

ह्याच पूर्व उतारावर आणखी उत्तरेला कीहोस आणि कोका ह्या नद्या आहेत. रबरी होड्यांच्या खेळासाठी कीहोस इतकी नावाजलेली की, २००५ ची जागतिक स्पर्धा तेथे झाली. तिच्या खाली कोका नदीवर सान राफाएल नावाचा देशातला सर्वांत मोठा धबधबा होता. 'होता' असेच म्हणावे लागते. २ फेब्रुवारी २०२० रोजी धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीच्या पात्रात विवर पडले, पाणी कड्याखालून निघून गेले आणि धबधबा नाहीसा झाला! त्यानंतर नदी आपले पात्र उलट्या दिशेने, वर वर खोदत निघाली; एप्रिलमध्ये तिने तेलाच्या वाहिन्या तोडल्या, पुढे रस्ते आणि घरे गिळली. काही वर्षांपूर्वीच वरच्या बाजूला बांधलेल्या धरणाचा ह्यात हात किती आणि ज्वालामुखीच्या राखेतून बनलेल्या कच्च्या खडकाचा किती, ह्यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

आता पुयोच्या पलीकडचे अरण्य, आणि ती बायको. फ्रेंच मापणीपथकातला झाँ गोदँ हा सहाय्यक रिओबांबाच्या इझाबेलशी १७४१ मध्ये विवाहबद्ध झाला. १७४९ मध्ये तो ॲमेझॉनमार्गे पलीकडच्या फ्रेंच वसाहतीत, कायेनला गेला. बायकोला नेण्यासाठी वाट पाहून यावी, एवढाच हेतू. पण परतण्याची परवानगी त्याला मिळेना; राजेरजवाड्यांच्या वादात पत्रे अडकली. वीस वर्षे गेली! मुले एकामागून एक दगावली. अखेर ॲमेझॉनच्या वरच्या अंगाला आपल्यासाठी नौका आल्याची वार्ता इझाबेलला लागली. १७६९ च्या ऑक्टोबरात ती दोन भाऊ, एक लहान भाचा, नोकरचाकर, वाटेत जोडले गेलेले फ्रेंच प्रवासी आणि एकतीस इंडियन भारवाहक असा लवाजमा घेऊन रिओबांबाहून निघाली. आपण जी उतरती वाट पाहिली, तीच धरून.

बोबोनासा नदीकाठच्या कानेलोस गावी ती पोहोचली, तो गाव ओस पडलेले. देवीची साथ आली होती. भारवाहकांनी ते पाहिले आणि रातोरात ते निघून गेले. इतिहासकार ह्याला 'पळून जाणे' म्हणतात. गोऱ्या माणसांबरोबर आलेल्या देवीने गावेच्या गावे मेलेली ज्यांनी पाहिली, त्यांनी दुसरे काय करावयाचे होते? एका होडीतून मंडळी पुढे निघाली. एका प्रवाशाची पाण्यात पडलेली टोपी काढताना नावाडी बुडाला. नदी जाणणारा तोच एकटा होता. मग इझाबेलचा निग्रो गुलाम होआकीन एका फ्रेंच माणसाबरोबर मदत आणावयास पुढे गेला. मागे राहिलेले वाट पाहून थकले, तराफा बांधून निघाले, तराफा उलटला. पायी निघाले, तर अरण्यात वाट चुकली. भुकेने, तापाने एकेक जण पडला. शेवटी इझाबेल एकटी उरली. मेलेल्या भावाच्या बुटांचे तळ कापून तिने पायांना बांधले आणि आठ-नऊ दिवस ती एकटी चालत राहिली. नदीकाठी तिला काही इंडियन भेटले. त्यांनी तिला खाऊ घातले आणि होडीतून खालच्या वस्तीवर पोहोचविले. होआकीन मदत घेऊन खरोखरच परत आला होता. पण त्याला तेथे फक्त प्रेते सापडली. जुलै १७७० मध्ये, एकवीस वर्षांनी, इझाबेल नवऱ्याला भेटली.

आज पुयोहून कानेलोसपर्यंत मोटार जाते. तेथून यंत्राच्या लांबोळ्या होडीने बोबोनासातून खाली गेले की, काही तासांनी सारायाकू नावाची किचवा लोकांची वस्ती येते. तेलाच्या शोधासाठी ह्यांना न विचारता ह्यांच्या अरण्यात सुरुंगाची दारू पुरून ठेवली गेली होती. हे लोक थेट आंतर-अमेरिकन मानवी हक्क न्यायालयात गेले, आणि सरकारने आधी गावाला विचारावयास हवे होते, असा निकाल २०१२ मध्ये त्यांच्या बाजूने लागला. पाहुण्यांना ते येऊ देतात, पण गावाची परवानगी आधी घ्यावी लागते. होडी त्यांची, नावाडीही त्यांचाच. नदीला पाणी कमी असेल तर होडी जागोजाग वाळूत रुतते आणि तासांचा हिशेब कोलमडतो. म्हणून कानेलोसच्या काठावर सामान होडीत चढविण्यापूर्वी नावाडी पाण्याकडे एकदा नीट पाहून घेतो.